लाकडाचा मासा

फसवणूक कशी करावी हे शिक्षकाने विद्यार्थ्यांना शिकवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. तथापि गेली काही वर्षे दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गच्चीवर जी आठ-दहा मुले जमतात, त्यांना मी नेमकी हीच विद्या शिकवीत असतो. लाकडाच्या तुकड्यातून एक मासा कोरावयाचा, त्याला डोळे, खवले आणि चमक द्यावयाची, आणि पाण्यातून ओढताच तो असा जिवंत भासला पाहिजे की, एखाद्या मोठ्या माशाने त्याला आपले भक्ष्य समजून त्यावर झडप घालावी. एवढाच या विद्येचा अभ्यासक्रम. भाषेचे तास घेणाऱ्या शिक्षकाला हा सुतारकामाचा नाद कोठून लागला, असे पालक मला नेहमी विचारतात. रस्त्यात उभ्या उभ्या त्याचे उत्तर पुरे होत नाही, म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

माझी मातृभाषा कोकणी, आणि माझे बालपण तेरेखोलच्या खाडीकाठी गेले. आमच्याकडे गळाला ‘गरी’ म्हणतात. माझ्या मामांच्या पत्र्याच्या डब्यात लहानमोठ्या गऱ्या, सुताची रिळे, कोंबड्याची पांढरी पिसे आणि पांगाऱ्याच्या लाकडाचे दोन ओबडधोबड मासे असत. रंग म्हणाल तर त्यांवर उरला नव्हता, आणि दातांच्या खुणांनी त्यांची अंगे खरवडून गेली होती. हे बेढब लाकूड पाहून चोणक कसा फसतो, याचे मला मोठे नवल वाटे. (मुंबई-अलिबागकडे ज्याला जिताडा म्हणतात, तोच आमचा चोणक.) मामा हसून म्हणत, “नुस्त्याक रूप दिसना, चाल दिसता.” माशाला रूप दिसत नाही, त्याला चाल दिसते, असा याचा अर्थ. शाळा-कॉलेजात पुढे पुष्कळ सुभाषिते पाठ केली; पण हातात चाकू आणि लाकूड घेतले की, मामांचे हेच वाक्य आठवते.

आमिष आणि हा लाकडी मासा यांत भेद आहे तो याच ठिकाणी. गांडूळ, कोळंबी किंवा कणकेची गोळी ही खरी आमिषे. त्यांना वास असतो, चव असते. गळ टाकून माणूस स्वस्थ बसला तरी ती आपले काम करीत राहतात. लाकडाच्या माशाला ना वास, ना चव. तो हालला तरच मासा. थांबला की पुन्हा लाकूड. म्हणून तो घडविणाऱ्याला आधी हे पाहावे लागते की, खरा मासा पाण्यात चालतो तरी कसा? आपल्यापैकी बहुतेकांनी मासा पाहिलेला असतो तो बाजारातल्या टोपलीत किंवा ताटात. चालणारा मासा फार थोड्यांनी पाहिलेला असतो.

ही जिज्ञासा आजची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. जुन्या मराठीचे काही नमुने त्यात आढळतात, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना त्याचे महत्त्व विशेष वाटते. राजाने कोणकोणत्या विनोदांत मन रमवावे हे सांगताना ग्रंथकाराने ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरणच दिले आहे. त्यात गळाची दोरी व काठी यांचे वर्णन येते. पण त्याहून लक्षणीय आहे ते माशांच्या जातींचे आणि कोणत्या जातीला काय खाऊ घालावे याचे वर्णन. गळ टाकण्यापूर्वी माशाची ओळख करून घ्यावी लागते, हे त्या राजाने नेमके हेरले होते.

इंग्रजी वाङ्मयात या विषयावरचा नामांकित ग्रंथ आयझॅक वॉल्टनचा. ‘द कम्प्लीट अँगलर’ हे त्याचे पुस्तक १६५३ साली प्रथम निघाले आणि पुढे लेखकाने ते वाढवीत नेले. त्या काळी आपल्या सुरतेत तापीकाठी इंग्रजांची वखार उभी राहून सुमारे चाळीस वर्षे लोटली होती. वॉल्टनने एका कृत्रिम माशाचे वर्णन केले आहे. समोर जिवंत मासोळी ठेवून एका कुशल स्त्रीने तो कापडावर सुईने भरला होता; पाठीला गडद हिरवे रेशीम, पोटाला पांढरे रेशीम आणि चांदीची तार, डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी. हे वाचताना सुरतेच्या रहिवाशाला आपल्या गल्लीतच आल्यासारखे वाटते. रेशमावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा द्यावयाचा, ही तर आपल्या शहराची पिढीजात कला. आज बहुतेक जर तांब्याची किंवा प्लास्टिकची असते, परंतु पाण्यात तिची चमक पडते तशीच पडते. आमच्या गच्चीवरील माशांना जी शेपटी लागते ती जरीच्या टाकाऊ धाग्यांची, आणि जे डोळे लागतात ते साडीवर चिकटवावयाच्या टिकल्यांचे.

परंतु मला सर्वांत जवळचा वाटतो तो फिनलंडमधील लाउरी रापाला. हा १९०५ साली जन्मलेला गरीब मनुष्य मासेमारीवर आणि मिळेल त्या मजुरीवर कुटुंब पोशीत असे. सरोवरावर होडी वल्हवताना त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. मोठा मासा लहान माशांच्या थव्यावर धावून जातो, तेव्हा त्याचा डोळा असतो तो किंचित लंगडत, डुलत चाललेल्या दुबळ्या माशावर. ती डुलती चाल लाकडात उतरविता येईल काय, या विचाराने रापाला झपाटला. १९३६ साली चांभारी चाकू आणि काचकागद यांच्या साह्याने त्याने बुचाचा एक मासा कोरला. अंगाला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी लावली, आणि वार्निश परवडत नव्हते म्हणून छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप वरून दिला. पुढे त्याच्या नावाचे मासे जगभर पसरले. त्याच्या घरी पैसा नव्हता, यंत्रे नव्हती. होती ती पाण्याकडे तासन् तास पाहण्याची सवय.

आता कृतीकडे वळतो. लाकूड हलके आणि सरळ रेषांचे हवे. दक्षिण गुजरातेत आणि कोकणात कुंपणाला आढळणारा पांगारा यासाठी उत्तम. सागाच्या मानाने तो सुमारे निम्म्या वजनाचा असतो, आणि सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या परंपरेतही त्याला मान आहे. काटेसावरही चालते. झाड मात्र तोडू नये. वादळात पडलेली फांदी किंवा सुताराकडचा तुकडा पुरेसा होतो. लाकूड पुरते वाळलेले असावे. दहा सेंटिमीटर लांब, दोन रुंद आणि दीड जाड असा ठोकळा घ्यावा. पुठ्ठ्यावर माशाची बाजूची आकृती काढून कापावी आणि ती ठोकळ्यावर ठेवून पेन्सिलीने गिरवावी.

येथे मुलांना चाकू चालविण्याची घाई होते. पण ठोकळा चौकोनी आहे तोवरच पोटाच्या मध्यरेषेवर करवतीने एक सरळ खाच पाडून घ्यावी, आणि तोंडाजवळ जिभेसाठी दुसरी. अंग एकदा गोल झाले की मध्यरेषा सापडत नाही, आणि खाच तिरकी गेली तर मासा जन्मभर तिरकाच चालतो. खाचा पडल्यावर चाकूने कोपरे उतरवावेत. चाकू नेहमी अंगापासून दूर चालवावा आणि एका वेळी पातळ ढलपीच काढावी. मग कानस, आणि शेवटी काचकागद. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की नाही हे डोळ्यांपेक्षा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीला अधिक चांगले कळते. डोळे मिटून पाहण्याची ही रीत मुलांना फार आवडते.

पोटाच्या खाचेत सुमारे एक मिलिमीटर जाडीची न गंजणारी पोलादी तार बसवावयाची. तिला तोंडाशी, पोटाखाली आणि शेपटीशी अशी तीन कडी वळवावीत. तार सलग असल्यामुळे उद्या लाकूड दुभंगले तरी दोरी आणि गळ यांचा सांधा तुटत नाही. वजनासाठी पुष्कळ लोक शिसे वितळवितात. आपण ते करू नये. शिसे विषारी आहे. इंग्लंडमध्ये दोरीला लावावयाचे शिशाचे मणी गिळून हंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली तशा वजनांच्या विक्रीवर तेथे बंदी आली. आपल्याला सायकलचे दोन-तीन जुने छर्रे पुरतात. ते पोटात, मध्याच्या जरा पुढे बसवावेत. खाच बुजविण्यापूर्वी मासा पाण्याच्या बादलीत सोडून पाहावा. तो पाठ वर ठेवून तरंगला म्हणजे छर्रे योग्य जागी आहेत. कुशीवर कलला तर त्यांची जागा बदलावी.

राहिली जीभ. तोंडाखाली पुढे आलेला हा पारदर्शक पत्रा म्हणजे लाकडी माशाचा प्राण होय. त्यासाठी जुनी सीडी कामास येते; ती सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीच्या, पॉलिकार्बोनेट नावाच्या चिवट प्लास्टिकची असते. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून कापली म्हणजे ती सहसा तडकत नाही. मासा ओढला की समोरचे पाणी जिभेवर आदळते आणि नाक खाली दाबते. त्याच वेळी पाण्याचे भोवरे जिभेच्या कडांवरून सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि मासा आळीपाळीने दोन्ही बाजूंस ढकलला जातो. पोटातील वजन त्याला पुन्हा सरळ करते, लाकडाचे हलकेपण त्याला वर ओढते, आणि या ओढाताणीतून ती डुलती चाल जन्मास येते. असे आळीपाळीने सुटणारे भोवरे शास्त्रज्ञ फॉन कारमान यांच्या नावाने ओळखले जातात. वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात त्याचेही कारण तेच. जीभ उभी असेल तर मासा पृष्ठभागाजवळून चालतो. ती अंगाच्या रेषेत पुढे पसरलेली असेल तर खोल जातो. तो डावीकडे भरकटू लागला तर तोंडाचे कडे पकडीने किंचित उजवीकडे वळवावे, आणि उजवीकडे गेला तर डावीकडे. केसाएवढ्या फरकाने चाल बदलते.

रंगाआधी लाकडाला पाण्यापासून जपणारा लेप हवा. दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून होणारा इपॉक्सी त्यास चांगला. पाठ गडद रंगवावी, पोट पांढरे ठेवावे. वरून पाहणाऱ्याला गडद पाठ खोल पाण्यात मिसळलेली दिसते, आणि खालून पाहणाऱ्याला पांढरे पोट उजेडात विरून जाते. प्राण्यांच्या रंगातील ही योजना ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली उलगडून दाखविली. खवल्यांसाठी अंगावर नेटच्या कापडाचा तुकडा ताणावा आणि त्यावरून रंगाचा बोळा टिपावा. कापड उचलताच खवल्यांची जाळी उमटलेली दिसते, आणि त्या क्षणी गच्चीवर जो आनंदाचा कल्लोळ होतो, तो ऐकण्यासारखा असतो.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने आपल्या वडिलांकडून यंत्रमागाचा एक जुना धोटा आणला. सुरतेत आता बिनधोट्याचे माग पुष्कळ आले आहेत, आणि जुने धोटे भंगारात मिळतात. “सर, हा तर तयारच मासा आहे,” तो म्हणाला, आणि खरोखर त्या धोट्याचे अंग माशासारखेच निमुळते होते. आम्ही तो पिंपात सोडला. दाट लाकूड आणि पोलादी टोके यांमुळे तो सरळ तळाशी गेला. मुले हसली, आणि तो मुलगा खट्टू झाला. दुसऱ्या दिवशी, पाळीला सुट्टी होती म्हणून, त्याचे वडील त्याच्याबरोबर आले. गृहस्थ मूळचे खानदेशातले, शिक्षण बेताचेच. गच्चीच्या दाराशी ते संकोचून उभे होते. मी त्यांना आत बोलावले आणि धोट्याविषयी मुलांना काही सांगण्याची विनंती केली.

प्रथम ते पुष्कळ आढेवेढे घेऊ लागले. मग त्यांनी धोटा हातात घेतला, आणि त्यांचा आवाजच बदलला. अहिराणी वळणाच्या मराठीत ते सांगू लागले. धोट्याला दोन्हीकडे धावावे लागते, म्हणून त्याची दोन्ही टोके सारखी असतात. त्याला शेपूट नाही, दोन्हीकडे तोंडच आहे. मासा एकाच दिशेने जातो, म्हणून त्याचा फुगवटा मध्यावर न ठेवता पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवा, आणि मागे त्याला हळूहळू निमुळता करीत न्या. धोट्याच्या अंगावर कूस राहिली तर ताण्याचा धागा तुटतो. तुमच्या माशावर कूस राहिली तर तेथे पाणी अडखळेल. मग त्यांनी मुलांच्या हातातील एकेक मासा घेऊन त्याच्या अंगावरून अंगठा फिरविला आणि कोठे कसर आहे ते नेमके दाखविले. त्या दिवशी शिक्षक ते होते, आणि मुलांबरोबर मीही शिकत होतो. आपल्या बापाला वर्ग असा कान देऊन ऐकतो आहे, हे त्यांचा मुलगा कोपऱ्यात उभा राहून पाहत होता. त्याच्या मुद्रेवरील भाव मी विसरणार नाही.

आपल्या शाळेतील पुष्कळ मुलांचे हात लहानपणापासून कामाचे असतात. आई साड्यांवर टिकल्या लावते तेव्हा शेजारी बसून तीही लावतात. त्यांची बोटे चपळ आणि नजर नेमकी होते. परंतु त्या साड्या दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यात बांधून निघून जातात. तेच कसब वापरून एक वस्तू आपल्यासाठी करावी, तिच्यावर आठ दिवस घालवावेत, आणि ती कोणी विकत मागितली तरी देऊ नये, ही श्रीमंती त्यांना मिळावी असे मला वाटते. छंद या शब्दाचा याहून मोठा अर्थ मला ठाऊक नाही.

त्याच सुट्टीत एका विद्यार्थिनीने मला निराळाच प्रश्न घातला. तिचे घर माळकरी. घरी मासा शिजत नाही. “सर, मी मासे खात नाही आणि मारणारही नाही. मग मी हा मासा करू का? आणि ही माशांची फसवणूक नाही का?” मी तिला सांगितले की, फसवणूक आहेच. ज्याला मासा हवा त्याने ती मान्य करून, जरुरीपुरताच मासा घ्यावा. गळाचा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे लहान मासा इजा न होता परत सोडता येतो. परंतु तुझ्या माशाला गळ लावण्याची सक्ती कोणी केली आहे? तिने आपल्या माशाला गळ लावलाच नाही. पण चाल साधावी म्हणून तिने जेवढा अभ्यास केला तेवढा कोणीच केला नाही. भावाला बरोबर घेऊन ती ओहोटीच्या वेळी तापीच्या ओवाऱ्यावर जाई आणि पायरीवर बसून बोयांचे थवे पाही. वळताना बोय एका कुशीवर कलतो आणि पोटाची चांदी क्षणभर लखलखते, हे तिने वहीत टिपून आणले. तिने जीभ तीनदा बदलली. चौथ्या दिवशी तिचा मासा पिंपातून असा लचकत गेला की, सगळी मुले एकदम गप्प झाली.

ज्यांना हा उद्योग करावासा वाटेल त्यांच्यासाठी दोन सूचना. पहिली, एकट्याने नदीवर जाऊ नये. सिंगणपोरच्या कॉजवेच्या खाली भरती-ओहोटीचे पाणी आहे, आणि पावसाळ्यात वरचे पाणी वाढले की कॉजवेवरची वाहतूकसुद्धा बंद ठेवतात. तेथे मुलांचे काम नाही. गळ लावणे आणि टाकणे वडीलधाऱ्यांच्या देखत व्हावे. दुसरी, तंगुसाचा एक तुकडाही काठावर टाकू नये. उत्तरायणानंतर मांज्यात पंख अडकलेली पाखरे तुम्ही पाहिली आहेत. पाण्यातला तंगूस त्याहून वाईट, कारण तो दिसत नाही.

तापी मुलताईला उगम पावते आणि खानदेश ओलांडून सुमारे सातशे चोवीस किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तुमच्यापैकी पुष्कळांची घरेही त्याच वाटेने येथे आली. तरी आपण पुलावरून रोज जातो आणि तिच्याकडे क्वचितच पाहतो. ज्याने लाकडाचा एक मासा घडविला आहे तो मात्र थबकतो. पाण्यावर कोठे वर्तुळ उमटले, कोठे चांदी चमकली, कोणता थवा कोणत्या बाजूला वळला, हे त्याला दिसू लागते. लाकडाच्या खोट्या माशाने त्याला खऱ्या माशाची दृष्टी दिलेली असते.

येत्या सुट्टीत ज्यांना यावयाचे असेल त्यांनी एक वाळलेला लाकडाचा तुकडा, काचकागदाचा एक ताव आणि घरातील वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन यावे. वडीलधारे स्वतः आले, तर अधिकच आनंद होईल.